उस्ताद मैदानात असतानाच शागीर्द हवा : ग्रीन बेच्या क्वार्टरबॅकची गोष्ट

अमेरिकेत भाऊ-बहिणी, भाचे-पुतणे असलेल्या घरांत फेब्रुवारी महिना आला की फोनवर एक विषय हमखास निघतो. सुपर बोल कोण जिंकणार? तिकडची मुले तासन्‌तास बोलत राहतात आणि इकडे चाचा-चाची नुसते "हं, हं" करतात. कारण तिथले फुटबॉल आपले फुटबॉल नाही. चेंडू लांबट, पायापेक्षा हाताचाच खेळ जास्त, आणि सगळी चर्चा एकाच माणसाभोवती फिरते. तो माणूस म्हणजे क्वार्टरबॅक.

या लेखात आम्ही ग्रीन बे पॅकर्स या एका संघाचा क्वार्टरबॅकचा प्रश्न समजावून सांगणार आहोत. पन्नास-साठ वर्षांत या संघाने दोन्ही टोके पाहिली. एकदा वारसदाराची तयारी केली नाही, तेव्हा दोन दशकांहून अधिक काळ हाल सोसले. नंतर तयारी केली, आणि तीन दशके सुखाने काढली. पण तयारी केली तेव्हाही कुणाचे तरी मन दुखावलेच. जमलेला माणूस बाजूला कधी करायचा आणि नव्याला पुढे कधी आणायचे, हा प्रश्न दुकान-कारखाना चालवणाऱ्या कोणत्याही घराला नवा नाही. म्हणूनच ही गोष्ट खेळ न पाहणाऱ्यांनीही वाचावी अशी आहे.

क्वार्टरबॅक म्हणजे नेमका कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही जमले, तर चेंडू समोरच्यांकडे जातो. या प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. प्रशिक्षकाचा निरोप त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो. तो सहकाऱ्यांना डाव सांगतो, समोरचे लोक कसे उभे आहेत ते पाहतो, गरज वाटली तर ऐनवेळी डाव बदलतो. चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते, कुणाकडे फेकायचा. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोची माणसे त्याला पाडायला धावत येत असतात.

क्रिकेटच्या भाषेत बोलायचे, तर कर्णधार, यष्टिरक्षक आणि सलामीचा फलंदाज एकाच माणसात बसवा, आणि वर असे समजा की प्रत्येक चेंडू त्यालाच खेळायचा आहे. म्हणजे थोडा अंदाज येईल. संघात 53 खेळाडू असतात, पण ही जागा कच्ची असेल तर बाकीच्या 52 जणांची मेहनत पाण्यात जाऊ शकते.

मग चांगला क्वार्टरबॅक विकत का घेत नाहीत?

हा प्रश्न साहजिक आहे. युरोपातल्या फुटबॉलमध्ये श्रीमंत क्लब पैसे टाकतो आणि हवा तो खेळाडू उचलतो. अमेरिकेच्या एनएफएल या 32 संघांच्या लीगमध्ये तसे चालत नाही. तिथे दोन नियम आडवे येतात.

पहिला नियम ड्राफ्टचा. दर वर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या तरुण खेळाडूंची सात फेऱ्यांत निवड होते. आदल्या मोसमात जो संघ सर्वांत मागे राहिला, त्याला आधी निवडायला मिळते. जिंकणाऱ्यांचा नंबर शेवटी. म्हणजे ज्याचे सगळे ठीक चालले आहे त्याच्या वाट्याला उत्तम तरुण क्वार्टरबॅक सहसा येतच नाही. दुसरा नियम पगाराच्या मर्यादेचा. सर्व खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याची कमाल रक्कम लीग ठरवते. 2024 साली ती 25 कोटी 54 लाख डॉलर होती. एकावर जास्त उधळले, तर बाकीच्यांसाठी खिसा रिकामा.

त्यामुळे भविष्याचे नियोजन ही इथे चैन नसते. जो आज सुचवून ठेवत नाही, तो उद्या अडतो.

बार्ट स्टार गेला आणि दुष्काळ पडला

ग्रीन बे हे शिकागोच्या उत्तरेला सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, विस्कॉन्सिन राज्यातले गाव. वस्ती जेमतेम एक लाखाच्या थोडी वर. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या शहराएवढी. तरीही 1919 साली सुरू झालेला हा संघ तिथेच टिकून आहे. कारण त्याला एक मालक नाही. 1923 पासून तो लोकांच्या शेअरवर चालतो. आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, तरी ते शेअर घेतात, कारण संघ गावाचा आहे. एखाद्या धनाढ्य मालकाला वाटले म्हणून तो उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही.

1960 च्या दशकात या संघाचा सुवर्णकाळ होता. प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी आणि क्वार्टरबॅक बार्ट स्टार. हा स्टार 1956 च्या ड्राफ्टमध्ये सतराव्या फेरीत, तब्बल 200 व्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्याने सात वर्षांत पाच विजेतेपदे मिळवून दिली, त्यात पहिले दोन सुपर बोलही आले. पण माणूस थकतो, खांदा दुखतो, वय वाढते. 1971 च्या मोसमानंतर स्टार थांबला. तोपर्यंत त्याची जागा घेणारा कुणी तयार झालेला नव्हता.

मग घाबरून जे केले जाते, तेच झाले. ऑक्टोबर 1974 मध्ये पॅकर्सने लॉस एंजेलिसकडून जॉन हॅडल हा 34 वर्षांचा क्वार्टरबॅक आणला. त्या बदल्यात पुढच्या दोन वर्षांतल्या ड्राफ्टच्या पाच जागा देऊन टाकल्या: पहिल्या फेरीच्या दोन, दुसरीच्या दोन आणि तिसरीची एक. म्हणजे उद्याचे बियाणे आज विकून टाकले. 1975 च्या मोसमात हॅडलने 6 टचडाऊन फेकले आणि 21 वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला. त्यानंतर तो गेलाही.

आता नशिबाची गंमत बघा. 1975 च्या मोसमासाठी प्रशिक्षक म्हणून कुणाला बोलावले? त्याच बार्ट स्टारला. ज्याची जागा भरताना संघाने आपले भविष्य गहाण टाकले होते, त्यालाच ते रिकामे कोठार घेऊन नऊ मोसम संघ चालवावा लागला. 1968 ते 1991 या 24 मोसमांत पॅकर्स फक्त दोनदा बाद फेरीत पोहोचले, 1972 आणि 1982 साली. वारसदार तयार न ठेवण्याची किंमत एवढी मोठी असते.

रॉन वुल्फची सवय

1991 च्या अखेरीस रॉन वुल्फ जनरल मॅनेजर म्हणून आले. खेळाडू निवडण्याची जबाबदारी त्यांची. त्यांनी अटलांटा संघात बाकावर बसलेला ब्रेट फार्व्ह नावाचा तरुण हेरला. त्याची तोवरची कामगिरी काय? चार फेकी, एकही साथीदाराकडे पोहोचली नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या. अशा पोरासाठी वुल्फ यांनी 1992 मध्ये पहिल्या फेरीची जागा मोजली. लोकांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, फार्व्ह मैदानात उतरला, आणि पुढच्याच आठवड्यापासून तो सलग सुरुवात करू लागला. पॅकर्ससाठी लीगचे सलग 253 सामने! 1995, 1996 आणि 1997 अशी तीन वर्षे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि जानेवारी 1997 मध्ये त्याने सुपर बोल जिंकून दिला.

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता या जागेची काळजी मिटली. वुल्फ यांनी तसे केले नाही. फार्व्ह भरात असतानाही ते ड्राफ्टच्या मागच्या फेऱ्यांत तरुण क्वार्टरबॅक घेतच राहिले. मार्क ब्रुनेल, मॅट हॅसलबेक, आरन ब्रूक्स हे तिघे त्यांनीच निवडले. तिघेही पुढे इतर संघांत मुख्य क्वार्टरबॅक झाले. त्यांना सोडताना ग्रीन बेला बदल्यात ड्राफ्टच्या जागा किंवा खेळाडू मिळाले. घरात शिकवलेले वाया गेले नाही. स्वतःला लागले नाही, तर दुसऱ्याने किंमत देऊन नेले.

फार्व्ह ते रॉजर्स : तुटलेली मने

2005 साली फार्व्ह 35 वर्षांचा होता. त्या ड्राफ्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आरन रॉजर्स पहिल्याच क्रमांकावर जाईल असे अनेकांना वाटत होते. पण सॅन फ्रान्सिस्कोने ॲलेक्स स्मिथला पसंती दिली, आणि रॉजर्स चार तासांहून अधिक वेळ कॅमेऱ्यांसमोर बसून राहिला. एकामागून एक संघ त्याला ओलांडून गेले. शेवटी 24 व्या क्रमांकावर पॅकर्सचे नवे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांनी त्याला घेतले. तातडीची गरज नव्हती, पण चालून आलेली संधी त्यांनी सोडली नाही.

रॉजर्स तीन वर्षे बाकावर बसला. मार्च 2008 मध्ये फार्व्हने डोळ्यांत पाणी आणून निवृत्ती जाहीर केली, आणि उन्हाळ्यात त्याचे मन बदलले. परत यायचे म्हणाला. आता काय करायचे? एकीकडे गावाचा लाडका, जो नुकताच संघाला विजेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत घेऊन गेला होता. दुसरीकडे तीन वर्षे सब्र करून बसलेला तरुण, ज्याला शब्द दिला होता. थॉम्पसन यांनी तरुणाची बाजू घेतली. ऑगस्टमध्ये फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवले. गावात संताप उसळला. सरावाच्या वेळी काही प्रेक्षकांनी रॉजर्सची हुर्यो उडवली. त्या मोसमात संघ 16 पैकी फक्त 6 सामने जिंकला, तेव्हा टीकाकारांना जोरच चढला.

पुढच्या वर्षी तर फार्व्ह शेजारच्या मिनेसोटा संघात, म्हणजे अगदी हाडवैऱ्यांत गेला आणि पॅकर्सला दोन्ही सामन्यांत हरवले. तरीही थॉम्पसन हलले नाहीत. फेब्रुवारी 2011 मध्ये रॉजर्सने सुपर बोल जिंकला. पुढे तो चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि फार्व्हशी झालेला दुरावा? तो भरायला सात वर्षे लागली. जुलै 2015 मध्ये तो सन्मानासाठी परतला, तेव्हा सामना नसतानाही लॅम्बो फील्ड मैदानात 67 हजारांच्या वर लोक जमले. निर्णय बरोबर ठरला तरी इज्जतीने निरोप द्यायचा राहिला होता, आणि ती भरपाई नंतर करावी लागली.

तोच प्रसंग पुन्हा

2020 मध्ये इतिहास परत फिरला. रॉजर्स आता 36 वर्षांचा. आदल्या मोसमात संघाने 13 सामने जिंकले होते आणि सुपर बोल एका विजयावर राहिला होता. सगळ्यांना वाटले, पहिल्या फेरीत रॉजर्सच्या मदतीला चेंडू पकडणारा चांगला गडी घेतील. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकन्स्ट यांनी उलट केले. 30 व्या क्रमांकावरून 26 व्यावर सरकण्यासाठी चौथ्या फेरीची एक जागा दिली, आणि युटा स्टेट विद्यापीठाचा 21 वर्षांचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला. चेंडू झेलणारा वाईड रिसीव्हर तर त्या पूर्ण ड्राफ्टमध्ये एकही घेतला नाही.

रॉजर्सने याला उत्तर मैदानावर दिले. 2020 आणि 2021, दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडू! लव्ह पहिल्या वर्षी एकाही सामन्यात उतरला नाही. 2021 मध्ये एकदाच त्याला सुरुवात मिळाली, कॅन्सस सिटीत, आणि संघ 13-7 हरला. लोक म्हणू लागले, ही जागा फुकट गेली.

एप्रिल 2023 मध्ये रॉजर्स गेला. कुठे? पुन्हा न्यूयॉर्क जेट्सकडेच! नव्या संघातल्या पहिल्या सामन्यात अवघ्या चौथ्या डावाला त्याच्या टाचेवरची शीर तुटली आणि मोसम संपला. इकडे लव्हच्या हाताखाली पॅकर्स पहिल्या नऊपैकी सहा सामने हरले. मग गाडी रुळावर आली. उरलेल्या आठ सामन्यांत लव्हने 18 टचडाऊन फेकले आणि फक्त एकदा चेंडू गमावला. जानेवारी 2024 मध्ये डॅलसला त्यांच्याच मैदानात 48-32 हरवले. जुलैमध्ये त्याच्याशी चार वर्षांचा 22 कोटी डॉलरचा करार झाला.

बाकावर बसून काय शिकतात?

नुसते बसल्याने कुणी तयार होत नाही. फार्व्हच्या सावलीत असताना रॉजर्सकडून उन्हाळ्यात वेगळी मेहनत करून घेतली गेली. चेंडू धरण्याची उंची, पावले टाकण्याची पद्धत, अशा बारीक गोष्टी बदलल्या. त्या कामात टॉम क्लेमेंट्स नावाचे प्रशिक्षक होते. 2006-07 मध्ये ते फार्व्ह आणि रॉजर्स दोघांसोबत काम करत होते. 2022 साली ते निवृत्तीतून परत आले आणि लव्हला घडवायला बसले. म्हणजे तीन पिढ्यांना जोडणारा एक उस्ताद संघाने राखून ठेवला.

आमच्या मते ग्रीन बेच्या यशातला हा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. जुना खेळाडू नव्याला शिकवेल, अशी आशा सगळे करतात. पण स्वतःच्या जागेवर येणाऱ्याला शिकवणे कुणालाही जड जाते, आणि ती जबाबदारी त्याच्यावर टाकणे रास्तही नाही. शिकवण्यासाठी वेगळा माणूस लागतो, ज्याचे काही जाणार नसते.

हिशेबाची दुसरी बाजू

ही पद्धत बिनखर्चाची आहे असे कुणी समजू नये. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा आणि स्वस्त असतो. लव्हचा होता सुमारे सव्वा कोटी डॉलरचा, तोही चार वर्षांचा मिळून. क्वार्टरबॅक स्वस्तात खेळतो तेव्हा उरलेल्या पैशांत बाकीचा संघ मजबूत करता येतो. पॅकर्सची अशी चारपैकी तीन वर्षे लव्हला बाकावर बसवण्यात गेली. शिवाय रॉजर्स गेला तरी त्याच्या जुन्या कराराचा बोजा राहिलाच. 2023 च्या पगारमर्यादेतले सुमारे 4 कोटी डॉलर अशा माणसापोटी मांडावे लागले, जो संघात नव्हताच.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. तीन दशके दोन महान क्वार्टरबॅक मिळूनही सुपर बोल आले दोनच. जानेवारी 2021 मध्ये पॅकर्स घरच्या मैदानावर टॅम्पा बेकडून 31-26 असे हरले. त्या दिवशी लव्हऐवजी एखादा तयार खेळाडू हाताशी असता तर? याचे उत्तर कुणी देऊ शकणार नाही, पण प्रश्न खोटा नाही. उद्याची सोय करताना आजचा घास थोडा लहान होतोच.

मात्र उलट बाजूही बघायला हवी. क्लीव्हलँडच्या संघाने 1999 ते 2024 या काळात 40 वेगवेगळे क्वार्टरबॅक सुरुवातीला उतरवले. दर वर्षी नवी आशा, दर वर्षी नवा चेहरा. त्याच काळात ग्रीन बेच्या लहान मुलांनी मुख्य क्वार्टरबॅक म्हणून तीनच नावे पाठ केली.

आता पुढे काय?

लव्ह आज तरुण आहे, करार लांबचा आहे, म्हणून निश्चिंत राहावे का? 2024 च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमधल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. काही दिवसांपूर्वीच संघाने टेनेसीकडून मलिक विलिस नावाचा राखीव क्वार्टरबॅक घेतला होता, ड्राफ्टच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीची एक जागा देऊन. त्याला डावांची वही पाठ करायलाही नीट वेळ मिळाला नव्हता. प्रशिक्षकांनी त्याला झेपेल असा साधा खेळ आखला, आणि विलिसने सुरुवात केलेले पुढचे दोन्ही सामने पॅकर्सने जिंकले. नियोजन दोन प्रकारचे असते. दहा वर्षांनी कोण, हे एक. उद्या सकाळी कोण, हे दुसरे. दोन्हींची सोय लागते.

ग्रीन बेला हे जमते याचे एक कारण आम्हाला त्यांच्या मालकीत दिसते. डोक्यावर उतावीळ मालक नसला की व्यवस्थापकाला तीन वर्षांनी फळ देणारे झाड लावता येते. पण मालकीपेक्षा मोठे कारण आहे हिंमत. वारसदार आणायची खरी वेळ ती असते, जेव्हा जुना माणूस उत्तम चालतो आहे आणि कुणालाच बदल नको असतो. तो थकल्यावर शोधायला निघालो, तर हातात जॉन हॅडल येतो.

तेव्हा पुढच्या वेळी शिकागो किंवा न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला आणि त्याने सुपर बोलचा विषय काढला, तर त्याला एवढेच विचारा: "तुझ्या संघाचा क्वार्टरबॅक चांगला आहे ते कळलं रे, पण त्याच्या मागे बाकावर कोण बसलंय?" तो चकित होईल. आणि मग आपल्या दुकानात, कारखान्यात, संस्थेत गल्ल्याच्या मागे कोण बसले आहे, याचाही थोडा विचार घरात व्हायला हरकत नाही.